परदेशप्रवास, प्रवाशाचे हक्क आणि आपला दीड ओळीचा दाखला

सियागंजात दवाखाना असलेल्या डॉक्टराला प्रवासाचा हंगाम पंचांग न पाहताच कळतो. एका बाजूस रेल्वे स्टेशन, थोड्या अंतरावर तात्यासाहेब सरवट्यांचे नाव मिरविणारे बसस्थानक आणि मध्ये किराणा, मसाले व सुकामेवा यांच्या घाऊक पेढ्या! इंदूर सोडून बाहेर निघालेला माणूस एकदा तरी या गल्ल्यांतून जातोच. परीक्षा आटोपत आल्या की माझ्याकडील गर्दीची जात बदलते. ताप-खोकल्याच्या मुलांबरोबर धडधाकट मुलेही येऊ लागतात आणि त्यांच्यामागे उभी असलेली आई किंवा आजी संकोचाने म्हणते, "डॉक्टरसाहेब, एक लहानसा दाखला हवा होता. दुबईला निघालोय." कधी दुबईऐवजी न्यू जर्सी असते, कधी सिंगापूर, कधी म्युनिक. आपल्या समाजातील निम्म्या घरांचे एक दार आता परदेशात उघडते. मुलीच्या बाळंतपणासाठी जाणारी आजी आणि सुटीत वडिलांकडे जाणारी नातवंडे हे दृश्य नवीन राहिलेले नाही.

हा लहानसा दाखला मी अनेक वर्षे दीड ओळीत लिहीत आलो. मुलाचे नाव, वय आणि 'प्रवासास योग्य'. खाली सही, शिक्का. आपल्यापैकी बहुतेकांचा दाखला याहून फार वेगळा नसावा. या दीड ओळीची किंमत मला २०१९ च्या फेब्रुवारीत कळली.

आठ वर्षांचा एक मुलगा जन्मापासून माझ्याकडे येत असे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. पायांना ताठरपणा, बोलणे अस्पष्ट, समज मात्र चांगली. लहानपणी आकडी येत असे. तोपर्यंत औषधावर दोन वर्षे एकही आली नव्हती. वडील दुबईत नोकरीला. आईने मुलाला घेऊन तिकडे जायचे ठरविले आणि मी नेहमीचा दाखला दिला. त्या काळी इंदूरहून परदेशी थेट विमान नव्हते. ते त्याच वर्षीच्या जुलैत सुरू झाले. मायलेकरे अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला गेली आणि मध्यरात्री विमानतळावर पोहोचली. काउंटरवरील कर्मचाऱ्याने मुलाकडे पाहिले, दाखल्याकडे पाहिले आणि विचारले, "ह्याला काय आजार आहे? विमानात काही झाले तर?" दाखल्यात आजाराचे नाव नव्हते, शेवटच्या आकडीची तारीख नव्हती, औषधांची नावे नव्हती. माझा फोन नंबर शिक्क्यात होता, पण तो दवाखान्याचा. रात्री दोन वाजता दवाखान्यात कोण असणार? वरिष्ठांना विचारतो असे सांगून त्यांना बाजूस बसविले गेले आणि विमान निघून गेले. तिसऱ्या दिवशी ती माउली त्याच दाखल्याची घडी हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. ती रागावली असती तर बरे वाटले असते. ती एवढेच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, नीट लिहून द्याल का?"

मी नीट लिहून दिले. तेवढ्याने समाधान होईना म्हणून नियम शोधून वाचू लागलो. तेव्हा समजले की चूक माझी एकट्याची नव्हती. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचे अपंग व हालचालींस मर्यादा असलेल्या प्रवाशांविषयीचे नियम २०१४ पासून सुधारित स्वरूपात लागू होते आणि ते भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही बांधील होते. केवळ अपंगत्वाच्या कारणाने प्रवास नाकारता येत नव्हता. प्रकृती स्थिर असलेल्या अपंग प्रवाशाकडे सरसकट वैद्यकीय मंजुरी मागण्यासही आधार नव्हता. शिवाय नाकारायचेच असेल तर त्याचे कारण लेखी देणे कंपनीवर बंधनकारक होते. मी त्या बाईंना विचारले, "लेखी काही दिले का?" नव्हते दिले. मागितले का? मागायचे असते हेच त्यांना ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. लेखी नकार नसल्याने कंपनीचे उत्तर तयार होते : प्रवासी वेळेत विमानाच्या दाराशी पोहोचलेच नाहीत.

अशाच प्रसंगी दुसऱ्या एका प्रवाशाने काय केले, तेही सांगितले पाहिजे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या कोलकात्याच्या समाजकार्यकर्त्या जीजा घोष यांना फेब्रुवारी २०१२ मध्ये गोव्याच्या विमानात बसल्यानंतर खाली उतरविण्यात आले. त्या परिषदेसाठी निघाल्या होत्या. त्यांनी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले आणि मे २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपये भरपाई देवविली. तरीही मे २०२२ मध्ये रांचीच्या विमानतळावर एका अपंग मुलाला प्रवास नाकारला गेला. सहप्रवाशांमधील डॉक्टरांनी सोबत करण्याची तयारी दाखवूनही उपयोग झाला नाही. महासंचालनालयाने त्या कंपनीस पाच लाखांचा दंड केला आणि त्याच वर्षी नियम आणखी स्पष्ट केला. विमानात प्रवाशाची प्रकृती बिघडेल अशी शंका असल्यास कंपनीने डॉक्टरकडून त्याची प्रत्यक्ष तपासणी करवून मत घ्यावयाचे आणि मगच निर्णय करावयाचा. म्हणजे तो निर्णय आता काउंटरवरील कर्मचाऱ्याच्या नजरेवर सोडलेला नाही. ही आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने फार महत्त्वाची गोष्ट आहे.

या निमित्ताने वाचन वाढत गेले आणि एक मजेशीर सत्य ध्यानात आले. प्रवाशाचा हक्क पासपोर्टाला चिकटलेला नसतो. तो तिकिटाला, मार्गाला आणि वाहनाला चिकटलेला असतो. एकाच रांगेत शेजारी बसलेल्या दोन इंदूरकरांचे हक्क निरनिराळे असू शकतात आणि एकाच इंदूरकराचे जातानाचे व येतानाचे हक्कही सारखे नसतात.

यातील सर्वांत जुना धागा अपघाताच्या भरपाईचा आहे. १९२९ च्या वॉर्सा कराराने विमान कंपनीच्या जबाबदारीला मर्यादा घातली. त्या वेळी विमानवाहतूक हे तान्हे मूल होते आणि त्याला जपण्याची काळजी प्रवाशापेक्षा अधिक होती. १९५५ मध्ये हेग येथे ती मर्यादा दुप्पट करून अडीच लाख सुवर्ण फ्रँक झाली. आपल्या देशाचा विमानवाहतूक कायदा १९७२ चा आणि त्याची मांडणीही याच करारांवर झालेली. १ जानेवारी १९७८ च्या रात्री दुबईस निघालेले एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे जंबो विमान वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. ज्यांचे आप्त त्यात गेले, त्यांच्या काळात प्रवाशाच्या प्राणांचे मोल अशा ठरीव आकड्यांत मोजले जात होते.

१९९९ च्या मॉन्ट्रियल कराराने ही दृष्टी बदलली. ठराविक रकमेपर्यंत कंपनीचा दोष सिद्ध करण्याची गरज नाही. त्यापुढील नुकसानीसही कंपनी जबाबदार, मात्र आपला दोष नव्हता हे तिने सिद्ध केल्यास सुटका. भारताने हा करार २००९ मध्ये स्वीकारला आणि त्यानंतर वर्षभराच्या आत त्याची कसोटी लागली. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान मंगळूरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले व १५८ जण दगावले. त्यांपैकी एक गृहस्थ आखाती देशांत एका कंपनीचे वरिष्ठ अधिकारी होते. त्यांच्या कुटुंबाचा दावा राष्ट्रीय ग्राहक आयोगातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मे २०२० मध्ये न्यायालयाने ती भरपाई साडेसात कोटींहून अधिक ठरविली. वादाचा मुद्दा काय होता? त्यांच्या पगारातील कोणते भत्ते उत्पन्नात धरावयाचे हा! सारा निकाल नेमणुकीच्या पत्रावर आणि वेतनाच्या तपशिलावर उभा होता. परदेशी नोकरी करणाऱ्या मुलाची ही कागदपत्रे इंदूरच्या घरी एका फाइलीत असावीत, असे मी आताशा पालकांना सांगतो. अशुभ बोलतो म्हणून काही जण नाराज होतात.

कराराची ही पहिली रक्कम दर पाच वर्षांनी महागाईनुसार तपासली जाते. २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१,८८० एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी चलन असून रुपयांत ही रक्कम पावणेदोन कोटींच्या आसपास जाते. पुढच्याच वर्षी, १२ जून २०२५ रोजी, अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान काही क्षणांतच बी. जे. मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४२ पैकी एकच प्रवासी वाचला. दुपारच्या जेवणाला बसलेली आपल्या व्यवसायातील मुले त्या इमारतीत होती. त्या दिवशी आपल्यापैकी कोणाच्या हातून नीट काम झाले असेल? कायद्याचा कोरडेपणा मात्र असा की मॉन्ट्रियल करार प्रवाशापुरता आहे; जमिनीवर बळी पडलेल्यांना त्याचा आधार मिळत नाही. विमान कंपनीच्या मालक उद्योगसमूहाने प्रत्येक मृताच्या कुटुंबास एक कोटी रुपये देण्याचे जाहीर केले, ते कराराबाहेरचे.

अपघात विरळा. आपल्या रोजच्या अनुभवाचा भाग म्हणजे विलंब, रद्द झालेले विमान आणि हरवलेली बॅग. येथे इंदूरच्या माणसाची एक खास अडचण आहे. आपला परदेशप्रवास बहुधा दोन तुकड्यांचा असतो. आधी मुंबई किंवा दिल्ली, मग पुढे. चार-पाच हजार रुपये वाचविण्यासाठी पहिला तुकडा निराळा काढण्याची आपल्याकडे पद्धत आहे. कोणी रात्रीच्या गाडीने जातो, कोणी दुसऱ्या कंपनीच्या विमानाने. पहिला तुकडा रखडला आणि मुंबईचे विमान चुकले, तर पुढील कंपनीच्या लेखी तो प्रवासी 'आलाच नाही' या सदरात जमा होतो. तिकिटाचे पैसे बुडाले तरी दाद नाही. याउलट इंदूर ते लंडन एकाच तिकिटावर, एकाच आरक्षणात असेल तर पुढचे विमान चुकल्यावर दुसरी सोय करून देणे कंपनीच्या गळ्यात येते. कायद्याच्या दृष्टीने तर इंदूर-मुंबई हा टप्पाही तेव्हा आंतरराष्ट्रीय प्रवासाचाच भाग ठरतो. शेजारच्या आसनावरील गृहस्थ मुंबईपुरते निघालेले असतील, तर ते देशांतर्गत प्रवासी, तुम्ही आंतरराष्ट्रीय. चहा दोघांना एकाच किटलीतून मिळतो एवढेच.

भारतीय कंपन्यांसाठी महासंचालनालयाचे नियम २०१० पासून आहेत आणि ते पुढे सुधारले गेले. आरक्षण पक्के असून जागा नाकारली आणि चोवीस तासांच्या आत दुसरे विमान दिले, तर एकेरी मूळ भाड्याच्या व इंधन आकाराच्या दुप्पट, कमाल दहा हजार रुपये. चोवीस तासांहून अधिक उशीर झाल्यास चौपट, कमाल वीस हजार. आगाऊ सूचना न देता विमान रद्द केले तर उड्डाणाच्या कालावधीनुसार पाच ते दहा हजारांपर्यंत. नुसत्या विलंबासाठी रोख काही नाही. खाणेपिणे, सहा तासांहून अधिक विलंब असल्यास पर्यायी विमान किंवा परतावा आणि लांबलेल्या विलंबात हॉटेल. डिसेंबर २०२५ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा या नियमांची आठवण सर्वांना झाली. विमानतळांवर तान्ह्या मुलांना घेऊन जमिनीवर बसलेल्या आयांची छायाचित्रे आपण पाहिली आहेत.

या आकड्यांपुढे युरोपचे नियम श्रीमंत वाटतात. २००४ मध्ये केलेला आणि फेब्रुवारी २००५ पासून लागू झालेला युरोपीय संघाचा २६१ क्रमांकाचा नियम प्रवाशाच्या बाजूने उभा राहणारा बहुधा सर्वांत प्रसिद्ध कायदा आहे. जागा नाकारल्यास, ऐन वेळी विमान रद्द झाल्यास आणि, २००९ च्या युरोपीय न्यायालयाच्या निकालानंतर, तीन तास वा अधिक उशिरा पोहोचल्यासही अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो. भारत-युरोप अंतर साडेतीन हजार किलोमीटरहून अधिक असल्याने आपल्यासाठी ६०० युरो. हा नियम युरोपातून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला लागू आहे, मग कंपनी भारतीय असो वा आखाती. युरोपकडे जाताना मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. म्हणून मुंबईहून फ्रँकफुर्टला भारतीय विमानाने जाणाऱ्या जोडप्यास पाच तासांच्या विलंबाबद्दल या नियमाने काही मिळत नाही आणि त्याच कंपनीने परतताना तेवढाच विलंब झाला तर दोघांचे मिळून १,२०० युरो होतात. संघातून बाहेर पडल्यावरही ब्रिटनने हा नियम आपल्या कायद्यात ठेवला. तेथे लांबच्या प्रवासासाठी कमाल रक्कम ५२० पौंड आहे. कॅनडाने २०१९ मध्ये असेच नियम केले. अमेरिकेत मात्र विलंबासाठी रोख भरपाईचा कायदा नाही. तेथे जागा नाकारल्याची भरपाई आहे आणि रद्द झालेल्या विमानाचा परतावा २०२४ पासून आपोआप देण्याचे बंधन आहे.

कंपन्यांची ढाल म्हणजे 'असाधारण परिस्थिती'. वादळ, धुके, हवाई नियंत्रणाचा बंद. त्या वेळी रोख भरपाई टळते, पण प्रवाशाची काळजी घेण्याचे कर्तव्य टळत नाही. २०१० मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश अनेक दिवस बंद होते. त्यातून उद्भवलेल्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये हेच सांगितले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये धुक्यामुळे अडकलेल्या विमानाच्या प्रकरणात साधारण हीच भूमिका घेतली : धुक्याचा दोष कंपनीचा नाही, मात्र अडकलेल्या प्रवाशांना अन्नपाणी व सोयी पुरविणे तिचे काम आहे. आपल्या सोबत दूधपिते मूल असेल तर गरम पाणी आणि निवांत जागा मागण्यात संकोच कसला?

मी स्वतः एकदा युरोपातील एका विमानतळावर रात्र काढली आहे. रद्द झालेल्या विमानाचे प्रवासी कॉफीच्या कुपनांसाठी रांगेत उभे होते. माझ्या पुढे एक तरुण जर्मन बाई होती. तिने शांतपणे दोन प्रश्न विचारले : विमान कोणत्या कारणाने रद्द झाले आणि ते लिहून मिळेल का? तिला कागद मिळाला. माझी पाळी आली तेव्हा मी कुपन घेतले, "थँक्यू" म्हटले आणि बाजूला झालो. सुसंस्कृतपणा म्हणजे काही न मागणे, ही आपली मध्यमवर्गीय मराठी शिकवण त्या रात्री मला चांगलीच महाग पडली.

सामानाविषयी थोडक्यात. आंतरराष्ट्रीय प्रवासात हरवलेल्या, फुटलेल्या वा उशिरा आलेल्या सामानासाठी कंपनीची मर्यादा प्रवाशामागे १,५१९ एसडीआर, म्हणजे पावणेदोन लाखांच्या जवळपास. ही कमाल मर्यादा आहे; प्रत्यक्ष नुकसान दाखवावे लागते. पट्ट्यावर बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वीच कंपनीच्या खिडकीवर नोंद करून तिची प्रत घ्यावी. नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशिराची एकवीस दिवसांत केली पाहिजे. ती मुदत गेली की दावा गेला. दागिने, औषधे आणि कागदपत्रे हातातील पिशवीतच असावीत.

सामानाच्या ओघात आमच्या सियागंजाची एक गोष्ट सांगणे भाग आहे. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू न्यायचे म्हणून येथून खसखस घेतली जाते. मंदसौर-नीमचच्या अफूच्या पट्ट्यातील ती उत्तम खसखस! संयुक्त अरब अमिरातीत मात्र खसखस हा बंदी असलेला पदार्थ आहे आणि ती बाळगल्याबद्दल तुरुंगात जाण्याची वेळ आलेली आहे. आकडीची व झोपेची काही औषधे आणि कोडीनयुक्त खोकल्याची औषधेही तेथे नियंत्रित यादीत असून आधी परवानगी काढावी लागते. येथे कोणताही प्रवासी हक्क कामास येत नाही. दाखल्याबरोबर मी हेही तोंडी सांगतो. दुकानदार मित्र मला म्हणतात, "डॉक्टरसाहेब, धंद्यावर का उठलात?"

जमिनीवरील व पाण्यावरील प्रवासाचे हक्क आपल्याकडे क्वचितच चर्चिले जातात. पण युरोपची सहल म्हटली की रेल्वे, बस आणि जहाज यांशिवाय ती पुरी होत नाही. युरोपीय संघात रेल्वे एक ते दोन तास उशिरा पोहोचली तर भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांपुढे ५० टक्के परत मागता येते. मात्र २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांत अतितीव्र हवामानासारखी काही कारणे वगळली आहेत. अडीचशे किलोमीटर वा अधिक अंतराची नियमित बस रद्द झाली किंवा निघण्यास दोन तासांहून अधिक उशीर झाला, तर परतावा किंवा दुसरी सोय यांपैकी निवड प्रवाशाची; ती निवड दिलीच नाही तर आणखी निम्मे भाडे. सहल कंपनीने भाड्याने घेतलेल्या बसचा हिशेब निराळा. तेथे आपला करार त्या कंपनीशी असतो आणि ती भारतीय असेल तर आपला ग्राहक कायदा लागू होतो. म्हणून माहितीपत्रकातील रंगीत चित्रांपेक्षा शेवटच्या पानावरील बारीक अक्षरांतील अटी आधी वाचाव्यात.

जहाजाच्या बाबतीत १९७४ चा अथेन्स करार आणि त्याची २००२ ची सुधारणा महत्त्वाची. युरोपीय संघाने ती आपल्या कायद्यात आणली असून जहाज अपघातात दर प्रवाशामागे जबाबदारीची कमाल मर्यादा चार लाख एसडीआर आहे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे आरामनौकेचे प्रचंड जहाज खडकावर आदळले आणि ३२ जण दगावले. इजा न झालेल्या प्रवाशांना कंपनीने प्रत्येकी ११ हजार युरो देऊ केले. अनेकांनी ते घेतले, काहींनी नाकारून न्यायालयाची वाट धरली. त्या जहाजावर दोनशेहून अधिक भारतीय कर्मचारी होते आणि सर्वांत शेवटी, २०१४ च्या अखेरीस, ज्याचे अवशेष सापडले तो मुंबईचा तरुण होता. तो प्रवासी नव्हता. प्रवाशांच्या सेवेला होता.

आता पुन्हा आपल्या क्षेत्राकडे. मुलांच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी पालकांना ठाऊक नसतात. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच आरक्षणातील आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी एकाच्या शेजारी जागा द्यावी, असा निर्देश महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये दिला आहे. शेजारच्या जागेसाठी वेगळे पैसे मागितले, तर हे दाखवावे. हातातील द्रव पदार्थांना शंभर मिलिलिटरची अट असली तरी बाळाचे दूध, आहार आणि औषधे प्रवासापुरती नेता येतात. औषधांसोबत चिठ्ठी हवी आणि ती इंग्रजीत, टंकलिखित हवी. आपले अक्षर आपल्या औषधविक्रेत्याला लागते. परदेशी अधिकाऱ्याला लागेल याची खात्री नाही.

वैद्यकीय बाजू आपण सर्व जाणतोच. विमानाच्या आतील हवेचा दाब सुमारे आठ हजार फुटांपर्यंतच्या उंचीइतका असू शकतो, म्हणजे तेथील प्राणवायू समुद्रसपाटीवरील पंधरा टक्क्यांच्या तोलाचा. निरोगी मुलाला तो पुरतो. अपुऱ्या दिवसांचे आणि अलीकडेपर्यंत प्राणवायू लागलेले बाळ, निळसर पडणारा हृदयविकाराचा रुग्ण, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले मूल यांच्याबाबत 'प्रवासास योग्य' लिहिण्यापूर्वी पेन थांबले पाहिजे. हक्क आहे म्हणून प्रवास करावा असे नाही. कधी दाखला नाकारणे हेच आपले काम असते आणि आजीची नाराजी पत्करावी लागते. कंपनीचा स्वतःचा वैद्यकीय अर्ज असतो. तो मागवून वेळेत भरून द्यावा.

'विमानात कोणी डॉक्टर आहेत का?' ही घोषणा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. त्या क्षणी आपण प्रवासी राहत नाही आणि आपल्या हक्कांची चिंता मनात येते. अमेरिकेने १९९८ मध्ये केलेल्या कायद्याने विमानात सद्भावनेने मदत करणाऱ्या डॉक्टरास संरक्षण दिले आहे. घोर निष्काळजीपणा किंवा जाणूनबुजून केलेले गैरकृत्य मात्र त्यात बसत नाही. आपण काय पाहिले व काय दिले याची वेळेसह नोंद करून एक प्रत जवळ ठेवावी.

तक्रार कोठे करावी, हा शेवटचा प्रश्न. प्रथम कंपनीकडे लेखी. तिने दाद दिली नाही तर सरकारचे 'एअरसेवा' आहे, १९१५ क्रमांकाची ग्राहक हेल्पलाइन आहे आणि त्यानंतर ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो जुलै २०२० पासून लागू झाला, एक मोठी सोय केली : तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगात दाद मागता येते. दिल्ली-मुंबईच्या खेपा न घालता इंदूरच्या जिल्हा आयोगात तक्रार होते, 'ई-जागृती'वरून घरबसल्याही नोंदविता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. मॉन्ट्रियल करारातील दाव्याची मुदतही दोन वर्षांचीच असून ती विमान पोहोचल्याच्या किंवा पोहोचावयास हवे होते त्या दिवसापासून मोजतात. बोर्डिंग पास, सामानाची चिठ्ठी, हॉटेलची बिले आणि कंपनीचे संदेश तेवढा काळ तरी जपून ठेवावेत.

त्या मुलाच्या प्रकरणात आम्ही तक्रार केली नाही. हातात कागद नव्हता आणि त्याच्या वडिलांना भांडणापेक्षा मुलाला भेटण्याची घाई होती. दोन आठवड्यांनी मी त्याला पूर्ण पानाचा दाखला टंकलिखित करून दिला. निदान, सध्याची स्थिती, शेवटच्या आकडीची तारीख, औषधांची मूळ नावे व मात्रा, विमानात आकडी आल्यास काय करावे, बसण्यासाठी कोणती मदत लागेल, मुलाला काय समजते व तो कसा बोलतो. खाली तपासणीची तारीख आणि माझा घरचा मोबाइल नंबर. त्या रात्री फोन उशाशी ठेवून जागा होतो. पावणेतीनला तो वाजला. काउंटरवरील मुलीने मला इंग्रजीत एकच प्रश्न विचारला, की मुलाला खिडकीची जागा चालेल का. मी म्हटले, त्यालाच विचारा. फोनवर आधी त्याच्या आईचे आणि मग त्याचे, ओळखू येईल इतके स्पष्ट हसू ऐकू आले.